मामांचा हेल

मामा बूट घालायला बसले, तेव्हाच बायकोने ओळखलं की स्वारी डबिंगला निघाली.

"जाऊ नका," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "बोलावलंय का कुणी तुम्हाला? नाही ना? मग आगंतुकासारखं जाऊन उभं राहायची हौस कशाला?"

मामा नाडी आवळत राहिले. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ते शब्द जपून वापरायचे.

"आणि जाऊन बोलणार काय? काल दूधवाल्याला 'उद्या नको' म्हणालात, तर तो बिचारा जिन्यात धडपडला."

"माझं वाक्य... तो बोलणार," मामा म्हणाले. पत्रा फरशीवरून ओढावा तसा आवाज आला.

"बोलू दे की! आयुष्यभर तुमचंच तर बोलतोय मेला. एका वाक्याने काय बिघडणार आहे?"

हे मात्र वर्मी लागलं. मामांनी दुसऱ्या बुटाची नाडी तशीच सोडली आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना ती नाडी फटक फटक वाजत राहिली.

त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली त्याला जमाना झाला होता. बायकोची भाचरंही आधी पडद्यावरचा मामा म्हणून त्यांना ओळखायची आणि मग घरातला. नाटक कंपनीत ते ऐन उमेदीत शिरले ते ट्रे घेऊन येणाऱ्या नोकराच्या कामासाठी. चेहरा असा की एकदा पाहिला तर लक्षात राहू नये, आणि हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. मिशी लावली की हवालदार, चष्मा लावला की डॉक्टर, केसांना पावडर फासली की कुणाचाही बाप. स्वतःपेक्षा वयाने मोठ्या नटाचा बाप ते तिशीच्या आत झाले. मेकअपवाला म्हणायचा, "तुझं बरं आहे लेका, तुला म्हातारा व्हायची भीती नाही, तू झालाच आहेस."

त्या कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवून, अडलेल्या नटाला पुढचं वाक्य सांगायचं हे त्याचं काम. सगळे त्याला कुजबुज्या म्हणायचे, पण चेष्टेने, कारण तो कुजबुजायचा नाही, ओरडायचा. मामांनी एकदा सगळ्यांसमोर व्यवस्थापकाला सांगितलं, "याला आवरा. एका तिकिटात लोक नाटक दोनदा ऐकतायत." सगळी कंपनी खो खो हसली. कुजबुज्या हसला नाही. त्याने वही मिटली आणि मामांकडे नुसतं पाहिलं.

आठवडा गेला नसेल. मामा एका नाटकात मामाचंच काम करत होते. भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं होतं, "बाळा, तुझ्या बापाला मी शब्द दिला होता." त्यांनी हात ठेवला, "बाळा" म्हणाले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. विंगेकडे पाहिलं. कुजबुज्या स्टुलावर बसला होता. वही उघडी, बोट बरोबर त्या ओळीवर, आणि तोंडाला कुलूप. डोळे मिचकावतोय, पण शब्द नाही.

मामांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी तोच शब्द पुन्हा घेतला आणि लांबवला. "बाऽऽऽळाऽऽ..." वर नेला, खाली आणला, घोळवला, रुमालाने तोंड पुसून परत वर नेला. प्रेक्षकांना वाटलं हा मामा असाच आहे. अख्खं थिएटर हसून लोळलं. वाक्य आठवलं तेव्हा ते म्हणायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "हा हेल रोज हवा."

तो हेल मग मामांच्या मानगुटीवर बसला तो उतरला नाही. नाटकातून सिनेमात गेले तेव्हा हेल बरोबर आला, किंवा खरं सांगायचं तर सिनेमावाल्यांनी हेलाला बोलावलं आणि मामा बरोबर गेले. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नकारार्थी मान हलवणारा डॉक्टर असो, सगळं आटोपल्यावर पोचणारा इन्स्पेक्टर असो, शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "मामा, एक हेल होऊन जाऊ दे." एकदा ते न्यायाधीश झाले आणि त्यांनी "फाऽऽऽशी" अशी शिक्षा सुनावली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. फासावर जाणाऱ्या नटाने मामांशी बोलणं टाकलं, कारण त्याचा प्रसंग रडवायचा होता.

रस्त्यात माणसं मागून हाका मारायची, "बाऽऽळा!" थोरल्या भावाला पोचवून ते स्मशानाच्या फाटकाबाहेर आले, तर तिथेही एका रिक्षावाल्याने तीच हाक मारली. मामांनी त्याला काही म्हटलं नाही. घरी येऊन मात्र त्यांनी आरशावर तांब्या फेकला.

आणि कुजबुज्या? कंपनी बुडाल्यावर त्याने काय करावं, तर मामांची नक्कल. माइक हातात धरायचा, रुमालाने तोंड पुसायचं आणि "बाऽऽळाऽऽ" म्हणायचं. त्यावर त्याचं घर चाललं. कुठल्याशा गादीच्या जाहिरातीत त्याने मामांच्या आवाजात झोपेचे फायदे सांगितले, आणि मामांच्या मेव्हणीने फोन करून मामांचं अभिनंदन केलं. कुठे समोरासमोर आले की कुजबुज्या म्हणायचा, "अर्धा हेल माझा आहे. तेव्हा मी बोललो असतो तर तू आज कुणाचा मामा असतास?" मामा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

असं सगळं चाललेलं असताना, उतरणीला, एक बाई मामांच्या घरी आली. दिग्दर्शक होती. चाळिशीची, सडसडीत, चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होऊ न देणारी. म्हणाली, "मला तुमचा हेल नको. चालेल?"

मामांना आधी वाटलं ही चेष्टा करतेय.

काम एका बापाचं होतं. मुलगा भांडून घर सोडून गेलाय, वर्षं लोटलीत. शेवटी एके सकाळी दार वाजतं, बाप दार उघडतो, मुलगा उभा. बाप म्हणतो, "आलास. बस. पाणी आणतो." बस, सिनेमा संपला. बाई म्हणाली, "रडायचं नाही, हसायचं नाही. जणू तो कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला गेला होता."

मामांनी ते वाक्य कितीदा घोकलं असेल, कोण जाणे. बायको वैतागली. "चार शब्दांचं तर वाक्य, त्यात काय पाठ करताय?" पाठ करायचं नव्हतंच, विसरायचं होतं. जीभ 'आलास'वर आली की आपोआप लांबायची. ती दातांखाली धरून आखडायला त्यांना शूटिंगच्या दिवसापर्यंतचा वेळ लागला. पण त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर दार उघडलं आणि शब्द पडले ते नुसते पडले, टेबलावर किल्ली ठेवावी तसे. बाई कट म्हणायला विसरली.

फक्त त्याच वेळी खिडकीबाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू होतं. चेहरा मिळाला, आवाज यंत्राने खाल्ला. "काही हरकत नाही, नंतर डब करू," बाई म्हणाली. त्या 'नंतर'च्या आधीच मामांचा घसा बसला, तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. बाकीचा सगळा सिनेमा त्यांच्या आवाजात होता. उरलं होतं ते एवढंच वाक्य, आणि ज्याच्यासाठी त्यांनी काम घेतलं तेही हेच.

निर्मात्याने कुजबुज्याला बोलावलं. दुसरं कोण होतं?

स्टुडिओ एका छापखान्याच्या वर होता. जिन्यात शाईचा वास, आत जाड गालिचा आणि भिंतींना करड्या रंगाचा फोम. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता, पोट टेबलाला टेकलेलं. अलीकडे माइक, आणि माइकसमोर, हेडफोन गळ्यात अडकवून, कुजबुज्या.

"या या," तो म्हणाला. "मालक आले. माल तपासायला आलात?"

बाई उठून उभी राहिली. "मामा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"मी बोलून बघतो," मामा म्हणाले.

कुजबुज्याने कानाला हात लावला. "काय म्हणाला? नीट ऐकू नाही आलं. अरे, आता तूच कुजबुज्या झालास की रे!"

रेकॉर्डिस्ट काचेमागे हसला आणि बाईने पाहिल्यावर खोकला.

बाईने मामांना माइकसमोर उभं केलं. ते तिच्या मनात नव्हतं, पण नाही म्हणवलं नाही. लाल दिवा लागला, तीन टिकटिक झाल्या, समोरच्या पडद्यावर दार उघडलं आणि मामांनी मामांना पाहिलं. "आलास," ते म्हणाले. पहिलं अक्षर निघालं, दुसरं घशात अडकलं, तिसरं आलंच नाही. पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्या वेळी खोकल्याची उबळ आली आणि रेकॉर्डिस्टने घाईने हेडफोन कानांवरून उपटले.

"राहू द्या," बाई हळू म्हणाली.

"राहू द्या," कुजबुज्या म्हणाला, पण मामांच्या आवाजात, धडधाकट असतानाच्या. "बाऽऽळाऽऽ, राऽऽहू द्या."

मामांच्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडायलाही आवाज लागतो. ते बाजूला झाले.

आता कुजबुज्या उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पडद्यावरचे ओठ त्याला दिसत नव्हते, हे तेव्हा कळलं. "कुणीतरी इशारा द्या," तो म्हणाला. "दार उघडलं की हात वर करा, तोंड उघडलं की खाली आणा. बाकी मी बघतो."

बाई उठणार, तोच मामा पडद्याखाली जाऊन उभे राहिले.

"तू?" कुजबुज्या म्हणाला. "भरवसा काय तुझा?"

"तुझा होता तेवढाच," मामा म्हणाले, आणि हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.

टिकटिक झाली. मामांनी हात वर केला, कुजबुज्याने छाती भरून श्वास घेतला. हात खाली. "आलाऽऽस. बऽस. पाणी आणतोऽऽ."

"ओठ बसत नाहीत," रेकॉर्डिस्ट स्पीकरवरून म्हणाला. "पडद्यावर 'बस'ला तोंड मिटलंय आणि यांचं 'आला' अजून चालूच आहे."

"हेल काढू नका," बाई म्हणाली. "सरळ बोला."

"सरळच बोललो की."

त्याचं खोटं नव्हतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. यंत्राच्या खडखडाटाखाली दबलेला मामांचा मूळ आवाज त्याला ऐकवला, त्याने मान डोलावली आणि परत हेल काढला. इतकी वर्षं तो घासून घासून जिभेवर असा बसला होता की मामांचा आवाज काढायचा म्हटलं की हेल आधी यायचा आणि आवाज मागून. मामा हात वर करत होते, खाली आणत होते. माझ्या जिभेवरून काढला, तर हा याच्या जिभेवर जाऊन बसला, असं त्यांना वाटत होतं. दर वेळी पडद्यावरचा त्यांचा चेहरा गप्प बसल्यावरही तो हेल हवेत रेंगाळायचा, एखाद्याच्या धोतराचा सोगा दारात अडकावा तसा.

बाईने घड्याळ पाहिलं. "आणखी एकदा. नाही जमलं तर माझ्याकडे पाठमोरा शॉट आहे. मामांची पाठ आणि मुलाचा चेहरा. त्यावर कसंही बसेल."

"आणि हेलही राहील," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "निर्माते खूश होतील. लोकांना तेवढं एक तरी हवंच."

मामांनी बाईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. तिला ते आवडत नव्हतं, पण ती करणार होती. म्हणजे चेहरा जाणार. आयुष्यात एकदा सरळ उघडलेलं तोंड कापून टाकणार, त्या जागी कोटाची पाठ, आणि पाठीतून "आलाऽऽस".

"मारू एकदाचा," कुजबुज्या म्हणाला. "पाठ तर पाठ. तुझी पाठ तोंडापेक्षा बरी आहे."

टिकटिक झाली. मामांनी हात वर केला. कुजबुज्याने श्वास भरला. आणि मामांनी ठरवलं की हात खाली आणायचा नाही.

कापायचंच आहे तर कापा. पण याला इशारा देऊन, याच्या हेलाला हातभार लावून, आपल्या हाताने नाही. राहा तसाच उभा, छाती फुगवून. मलाही तसंच उभं केलं होतंस. हात वर, तोंड किंचित उघडं, डोळे कुजबुज्याच्या डोळ्यांत रोखलेले. मागे पडद्यावर तो बाप दार उघडून मुलाकडे पाहत असणार, आणि इकडे मामा दगडासारखे उभे.

कुजबुज्याला पडदा दिसत नव्हता, पण समोरचा माणूस दिसत होता. उजेडात उभा असलेला, हात वर राहिलेला, तोंड उघडून अडलेला नट. त्याची भरलेली छाती खाली बसली. मान थोडी पुढे आली, खांदे पडले, आणि ओठ जेमतेम हलले.

"आलास. बस. पाणी आणतो."

भाव नाही, चढउतार नाही, घाईचं आणि हलकं. अडलेल्याला वाक्य देतात तसं.

मग रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "थांबा... जरा पुढे सरकवतो... बसलं. ओठ न् ओठ बसला."

त्याने परत लावून दाखवलं. पडद्यावर मामांनी दार उघडलं आणि तोंड उघडलं. शब्द टेबलावर किल्ली ठेवावी तसे पडले. घोगरेपणा मामांचा होता, कुजबुज्याच्या घशात तो मुरलेलाच होता. बाकी काही नव्हतं. बाई खुर्चीतून अर्धवट उठली होती, ती तशीच राहिली.

"हेच," ती म्हणाली. "हेच पाहिजे होतं."

"काय हेच?" कुजबुज्या उसळला. "ते मी बोललोच नाही! त्याला आठवण करून दिली नुसती. अडला होता तो. परत घ्या, मी नीट करतो."

"नको," बाई म्हणाली.

"अहो बाई, ती काय माझी कला आहे? कुणीही म्हणेल ते!"

"कुणालाही नाही जमत," मामा म्हणाले.

कुजबुज्या त्यांच्याकडे वळला. चेहरा लालबुंद. "हात का नाही खाली आणलास?"

"तू तेव्हा का गप्प बसलास?"

"तू मला सगळ्यांसमोर—" कुजबुज्या बोलायचा थांबला. हेडफोन त्याने माइकवर असा अडकवला की माइक कलंडला. "तुझ्या सगळ्या जन्मात तुला एक वाक्य सरळ बोलता आलं नाही, आणि आलं तेही माझ्या तोंडून. घे. छातीशी धरून झोप."

जिन्यात दोघं मागेपुढे उतरले. खालच्या दाराशी कुजबुज्या आधी पोचला. त्याने दार मागे धरलं नाही, आणि मामांनीही ते धरलं जाईल अशी अपेक्षा केली नव्हती, त्यामुळे खांद्यावर बसलेला तडाखा त्यांनी मुकाट्याने सोसला.

घरी बायकोने विचारलं, "झालं?"

"झालं," मामा म्हणाले.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला, दुपारी, मामा आणि बायको मधल्या रांगेत बसले. गर्दी बरी होती. मागच्या रांगेत कोण येऊन बसलं ते मामांना न वळताच कळलं. तो खोकलाही त्यांचाच होता, चोरलेला. पडद्यावर बाप दिसला तेव्हा कुणीतरी हौसेने "बाऽऽळा" म्हटलं, थोडं हसू झालं, मग विरलं. हेल येत नाही म्हटल्यावर लोक चुळबुळले. दोघंतिघं उठूनही गेले. पण शेवटी शेवटी थिएटर गप्प झालं होतं.

दार वाजलं. बापाने उघडलं.

"आलास. बस. पाणी आणतो."

पडदा काळा झाला. कुठेतरी कुणी नाक ओढलं. मामा ताठ बसून होते. बायकोचा हात त्यांच्या मनगटावर आला, आणि तो हात असा येऊन किती दिवस झाले होते हे त्यांना आठवेना.

"मी उगाच टाकून बोलले," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कसं काढलंत हो त्या घशातून? अगदी तुमचा आवाज. लग्न झालं तेव्हा असेच बोलायचात. नंतर त्या हेलाने सगळं बिघडवलं."

पडद्यावर नावं वर सरकत होती. मामांचं येऊन गेलं. दुसरं कुठलं त्या वाक्यासाठी येणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते सुचेना. तोंड तसंच उघडं राहिलं.

मागून, कानाशी, अगदी हळू, शेजारी बसलेल्या बायकोलाही ऐकू जाणार नाही असं कुणीतरी म्हणालं, "सांग तिला."

वाक्य वेळेवर आलं होतं. मामांनी ते नीट ऐकलं. मग तोंड मिटलं, मनगटावरच्या हातावर दुसरा हात ठेवला आणि दिवे लागेपर्यंत पडद्याकडे पाहत राहिले.